पाऊस संपल्यापासून दिवाळीची सुट्टी संपेपर्यंत लहान मुलांसोबत काय काय करता येईल?

प्रश्न थोडक्यात असा आहे की मुलगी साडेचार वर्षांची, मुलगा पावणेतीनचा, पुण्यात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, आईबाबा दोघंही नोकरी करणारे, आणि नवरात्रापासून दिवाळीपर्यंतच्या दिवसांत मुलांसोबत मजेचं काय करता येईल, मोबाइल हातात न देता आणि फार खर्च न करता. शेवटी असंही विचारलंय की रोज किती वेळ द्यावा लागेल. मी बरीच वर्षं बालवाडीत शिकवतेय, तीन ते सहा वयाची मुलं रोज समोर असतात, म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

पहिली गोष्ट आधीच सांगून टाकते कारण बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. या वयाच्या मुलांसाठी एका दिवसाचा मोठा कार्यक्रम फारसा कामाचा नसतो. रविवारी चार तास गाडीत बसून कुठेतरी जायचं, फोटो काढायचे आणि दमून परत यायचं, यातलं मुलाच्या हाती फार थोडं लागतं. त्याऐवजी जी गोष्ट रोज थोडी थोडी बदलते, वाढते, उमलते, ती मुलाला रोज पाच-दहा मिनिटं दाखवा, त्यात त्याचा हात असू द्या, मग बघा सकाळी उठल्या उठल्या मूल स्वतःहून तिकडे धावतं. आणि आपल्याकडचा शरद, म्हणजे आश्विन-कार्तिक, याच्यासाठी अगदी सोन्यासारखा काळ आहे, कारण चंद्र, रोपं, फुलं, अळ्या, शेतं, सण सगळंच या दोन महिन्यांत डोळ्यासमोर भराभर बदलत असतं.

वेळेचं एक सांगते. ऑक्टोबरमध्ये ऊन चांगलंच तापतं, त्यामुळे बाहेरचं जे काही असेल ते सकाळी नऊच्या आत नाहीतर संध्याकाळी पाचनंतर. दुपार घरातल्या कामांसाठी ठेवा. आणि पावसाळ्यानंतरचे हे आठवडे डेंग्यूचेही असतात, म्हणून संध्याकाळी बाहेर जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला आणि खेळासाठी भरलेलं पाणी कुठे साचून राहू देऊ नका.

आता सुरुवात नवरात्रापासून. घटस्थापना म्हणजे आश्विन शुद्ध प्रतिपदा, आणि तिथून कोजागरी साधारण पंधरा दिवसांवर. या पंधरा दिवसांत चंद्र शून्यापासून पूर्ण होतो आणि लहान मुलांसाठी विशेष म्हणजे तो संध्याकाळीच दिसतो, त्यांना जागवावं लागत नाही. पहिल्या दिवशी काहीच दिसणार नाही, दुसऱ्या दिवशीही बहुधा नाही, पण तृतीयेला सूर्य मावळल्यावर लगेच पश्चिमेला बघा, बारीक कोर असते. मग रोज जेवणाआधी गच्चीत किंवा बाल्कनीत पाच मिनिटं. अष्टमीला अर्धा चंद्र संध्याकाळीच दक्षिणेकडे बराच वर आलेला असतो, आणि पौर्णिमेला तो बरोबर दिवेलागणीला पूर्वेकडून उगवतो. एक साधी वही करा, रोज एका पानावर मुलीने चंद्र काढायचा, जसा जमेल तसा, तुम्ही फक्त खाली वार लिहायचा. ढग असतील तर ढग काढायचे. धाकट्याला चित्र काढायला जमणार नाही, त्याला ताटात पोळी द्या आणि आजचा चंद्र केवढा तेवढा तुकडा तोडायला सांगा. तो कुठलाही आकार तोडेल, हरकत नाही, तोडताना तो वर बघतो ते महत्त्वाचं. पौर्णिमेनंतर मात्र चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा उगवायला लागतो, म्हणून चार-पाच दिवसांत ही मुलांच्या वेळेतून निघून जाणारी गोष्ट आहे, आणि "चंद्र कुठे गेला?" हा प्रश्न मुलं स्वतःच विचारतात. तेव्हा लगेच भाषण देऊ नका, एखाद्या सकाळी शाळेच्या वेळेला पश्चिमेकडे फिकट चंद्र दाखवा.

कोजागरीचं दूध रात्री बारालाच प्यायचं असं मनात धरू नका. चंद्र सहा-साडेसहाच्या सुमाराला उगवलेला असतो, आठला दूध तयार ठेवा. आटवायचं काम तुमचं, पण चारोळी निवडणं, वेलची सोलणं, केशराच्या काड्या मोजून चमच्यातल्या कोमट दुधात टाकणं हे सगळं साडेचार वर्षांची मुलगी करू शकते. केशराचा रंग दुधात हळूहळू उतरताना तिला बघत बसू द्या, घाई करू नका. कोकणात याच पौर्णिमेला नवान्न पौर्णिमा म्हणतात, नव्या भाताच्या लोंब्या दाराला बांधतात. गावाकडे कुणी असेल तर एखादी लोंबी मागवून घ्या, तिचं पुढे सांगतेच.

घटाचं म्हणाल तर घरात घट बसत असो वा नसो, धान्य पेरणं नक्की करा. रात्री मूठभर गहू भिजत घाला, सकाळी दोन पसरट वाडग्यांत माती घेऊन मुलांनाच पेरू द्या. वर पातळ मातीचा थर आणि हाताने पाणी शिंपडायचं. एक वाडगं खिडकीत ठेवा, दुसरं कपाटात अंधारात. दोन-तीन दिवसांत कोंब दिसतात. मग रोज सकाळी एक काम: दोऱ्याचा तुकडा रोपाशेजारी धरायचा, तेवढ्या उंचीला कापायचा आणि कागदावर उभा चिकटवायचा. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी दुसरा. दसऱ्यापर्यंत कागदावर लहानापासून मोठ्यापर्यंत दोऱ्यांची रांग तयार होते आणि चार वर्षांच्या मुलाला आकडे येत नसले तरी तो बोट फिरवून सांगतो की इथे कमी वाढलं, इथे जास्त वाढलं. अंधारातल्या वाडग्यातलं रोप पिवळं आणि लांबुळकं येतं, उजेडातलं हिरवं आणि ठेंगणं. का, ते तुम्ही सांगू नका. दोन्ही वाडगी शेजारी ठेवा आणि विचारा, कुठलं तुला आवडलं. मग अंधारातलं उजेडात आणून ठेवा, एक-दोन दिवसांत ते हिरवं व्हायला लागतं, आणि मुलांचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा असतो.

सकाळच्या दहा मिनिटांसाठी प्राजक्तासारखं झाड नाही. सोसायटीत नसेल तर जवळच्या देवळात किंवा एखाद्या बंगल्याच्या कुंपणाबाहेर नक्की सापडेल. फुलं रात्री उमलतात आणि पहाटे खाली पडतात, म्हणून सातच्या आत जायचं, उशीर झाला की कोमेजतात किंवा झाडली जातात. मुलांना एक छोटी परडी किंवा वाटी द्या. फुल इतकं नाजूक असतं की जोरात धरलं की चुरगळतं, त्यामुळे दोन बोटांच्या चिमटीत हलकं धरायला मुलं आपोआप शिकतात. पुढे पेन्सिल धरायला हीच चिमटी लागते, आम्ही बालवाडीत त्यासाठी वेगळे खेळ मुद्दाम तयार करतो, इथे ते झाड फुकट देतं. घरी आणून पांढऱ्या पाकळ्या आणि केशरी दांडे वेगळे करायचे. हे काम मुलं अर्धा अर्धा तास करतात, मोठ्यांना कंटाळा येईल पण त्यांना येत नाही. ओंजळभर दांडे जमले की तुम्ही ते कपभर पाण्यात उकळा, पाणी केशरी-पिवळं होतं, गाळून कोमट होऊ द्या, त्यात चिमूटभर तुरटी विरघळवा आणि पांढरा सुती रुमाल मुलीला त्यात बुडवायला सांगा. तासभराने काढून सावलीत वाळवा. रुमालाला आधी दोऱ्याने दोन-चार ठिकाणी घट्ट गाठी मारल्या तर तिथे पांढरी वर्तुळं राहतात. रंग कायमचा नाही, उन्हात आणि धुण्यात फिका पडत जातो, तेही मुलीला आधीच सांगून ठेवा. उरलेल्या पाकळ्यांची दारात रांगोळी.

गुलबाक्षी आणि तेरडाही याच दिवसांतले. गुलबाक्षी संध्याकाळी चार-पाचला उमलते, एक दिवस मुलांना कळ्यांसमोर बसवा. तिचे लांब देठ एकात एक गुंफून बिनदोऱ्याची वेणी होते, आजीला येत असेल तर आजीकडून शिकून घ्या. फक्त तिच्या काळ्या बिया तोंडात जाऊ देऊ नका, विषारी असतात, आणि पावणेतीनचं मूल काळं गोल काहीही तोंडात घालतं. तेरड्याचं मात्र निर्धास्त खेळा. पिकलेली फुगीर शेंग दोन बोटांत हलकी दाबली की टचकन फुटून गुंडाळली जाते आणि बिया उडतात, मुलं दचकतात आणि मग हसत सुटतात, मग सगळी शेंग-झुडपं तपासत फिरतात, कुठली पिकलीय, कुठली कच्ची आहे. कच्ची शेंग फुटत नाही, हे त्यांना तिसऱ्या-चौथ्या शेंगेला कळतं, कुणी सांगावं लागत नाही.

आता जे मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडतं ते. कुंडीत कढीपत्ता किंवा लिंबाचं झाड असेल तर पानांवर नीट शोधा. पक्ष्याच्या शिटेसारखं काळंपांढरं काहीतरी चिकटलेलं दिसेल, ती फुलपाखराची छोटी अळी, आपल्याकडे बहुतेक कॉमन मॉरमॉनची असते. मोठी झाली की ती हिरवीगार होते. बरेच लोक किडा म्हणून झटकून टाकतात किंवा औषध फवारतात, तसं करू नका, या दिवसांत फवारणी बंदच ठेवा. अळीला पानावर राहू दिलं तरी चालतं पण बुलबुल, शिंपी हे पक्षी खाऊन टाकतात, म्हणून अळी असलेली फांदी तोडून मोठ्या काचेच्या बरणीत ठेवायची, बरणीच्या तोंडाला मच्छरदाणीचं कापड आणि रबर. फांदीचं टोक ओल्या कापसात गुंडाळा. रोज ताजी पानं द्यायची आणि तळातल्या काळ्या लेंड्या साफ करायच्या, हे काम मुलीचं. ती सांभाळते. एखाद्या दिवशी पानं घालायची राहिली तर अळी उपाशी आहे हे तिला बरणीत दिसतं, तुम्हाला रागवावं लागत नाही. अळीला काडीने हलकंच स्पर्श केला की डोक्यामागून लालसर शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते, एकदा दाखवा, पुन्हापुन्हा त्रास देऊ नका. मग एक दिवस ती खायची थांबते, काडीला चिकटते आणि कोष करते. तिथून साधारण दहा दिवस. कोष काळसर दिसायला लागला की दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठा, फुलपाखरू बहुतेक सकाळीच बाहेर येतं, पंख ओले, सुरकुतलेले असतात आणि ते उलटं लटकून वाळवतं. तास-दोन तास कुणी हात लावायचा नाही. मग बरणी बाल्कनीत उघडी. लिंबावर कधी ब्ल्यू मॉरमॉनचीही अळी सापडते, ते महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे, २०१५ साली तसं जाहीर झालं, मुलांना हे सांगितलं की त्यांना फार भारी वाटतं. रुईच्या झाडावरही सुंदर पट्ट्यांच्या अळ्या मिळतात पण रुईचा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते, म्हणून ते झाड लांबूनच बघायचं.

यातलं काहीच माझं नवं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे कोसबाडला काम वाढवलं, तेव्हा महागड्या साधनांच्या जागी बिया, पानं, खडे, शिंपले असंच आजूबाजूचं वापरलं. आपल्या बालशिक्षणाचा पाया तोच आहे. ऑनलाइन मिळणारी दीड-दोन हजारांची ॲक्टिव्हिटी किट बघते तेव्हा मला मनापासून वाटतं की ते पैसे वाचवा आणि पोतंभर माती आणा.

भोंडला तुमच्या सोसायटीत होत असेल तर जाच, नसेल तर घरात करा, पाच-सहा मुलं पुरेत. पाटावर तांदळाने किंवा रांगोळीने हत्ती काढायचा, मुलांनाच काढू द्या, सोंड कुठेही आली तरी चालेल, आणि त्याभोवती फेर. पुण्याकडे भोंडला, कोल्हापूर-सांगलीकडे हादगा, खानदेश-विदर्भात भुलाबाई, गाणी आणि दिवस थोडे वेगवेगळे, पण खिरापत ओळखण्याचा खेळ बहुतेक सगळीकडे आहे आणि लहान मुलांसाठी खरं मर्म त्यातच आहे. झाकलेला डबा मुलाच्या हातात द्यायचा. हलवून बघ, आवाज कसा येतो, जड आहे की हलका, वास येतोय का, गोड असेल की तिखट. तीन वर्षांचं मूल आधी फक्त "लाडू, लाडू" म्हणत राहतं, चार-पाच दिवसांनी तेच मूल "कुरकुरीत आहे, गोल नाहीये" असं म्हणायला लागतं. हादग्यात पूर्वी पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, असं वाढवत सोळाव्या दिवशी सोळा गाणी म्हणायचे. नोकरी सांभाळून ते जमणार नाही, पण रोज एक नवं गाणं वाढवायचं ही कल्पना घ्या, चार दिवसांत चार गाणी मुलांची पाठ होतात.

दसऱ्याला आपट्याची पानं हवीतच, पण फांदी नको. बाजारात आपट्याच्या नावाखाली बरेचदा कांचनाच्या आणि इतर झाडांच्या फांद्या ओरबाडून आणलेल्या असतात आणि दुसऱ्या दिवशी ढिगाने कचऱ्यात जातात. मुलांना घेऊन झाडाखाली जा, आपट्याचं पान लहान आणि जाडसर, कांचनाचं मोठं, दोन्ही एकेक आणा, मधोमध घडी घालून दोन्ही बाजू जुळतात का ते बघू द्या. पानावर पातळ कागद ठेवून आडव्या खडूने घासलं की शिरा उमटतात, तेच कापून सोनं म्हणून वाटा, आजोबांना असं सोनं फार आवडतं. झेंडूचं तोरण मोठ्या बोथट सुईने साडेचार वर्षांची मुलगी ओवू शकते, शेजारी बसा म्हणजे झालं. धाकट्याला पाकळ्या सोडवायला द्या. तोरण वाळलं की फेकू नका, पाकळीच्या तळाशी काळ्या बारीक काड्यांसारखं जे असतं तेच बी, कुंडीत भुरभुरा, आठवडाभरात उगवतं आणि साधारण दोन महिन्यांत फुलं येतात. बाजारातल्या झेंडूइतकी मोठी येतीलच असं नाही.

आता किल्ला. दिवाळीतल्या मुलांच्या सगळ्या कामांत मी किल्ल्याला पहिला नंबर देते, आणि तयार प्लास्टरचा किल्ला आणू नका अशी हात जोडून विनंती करते. फ्लॅट आहे म्हणून अडत नाही, जुना टब किंवा मोठा ट्रे बाल्कनीत ठेवा, सोसायटीच्या कोपऱ्यात जागा मिळाली तर उत्तमच. वसुबारसेच्या आठवडाभर आधी सुरू करा. विटा, दगड, उलटी कुंडी रचून डोंगराचा आकार, त्यावर गोणपाट, आणि गोणपाटावर चिखल थापायचा. चिखल कालवणं हे धाकट्याचं काम. जुने कपडे घाला आणि त्याला बिनधास्त पायांनी कालवू द्या. मोठी मुलगी थापते, पायऱ्या करते, वाट काढते. तुम्ही फक्त प्रश्न विचारा: वर पाणी कुठून येणार, शत्रू कुठून येईल, रात्री पहारेकरी कुठे बसणार. शिवनेरीवर खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, गंगा-जमुना नावाची, फोटो दाखवून सांगा, मग पोरं झाकणं-वाट्या पुरून टाकी करायला बसतात. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यातले ११ महाराष्ट्रात आणि जिंजी तामिळनाडूत. पुण्याच्या मुलांनी त्यातला लोहगड किंवा शिवनेरी आधी बघितलेला असेल तर किल्ला करताना त्याचा फार उपयोग होतो. पावणेतीनचं मूल वरपर्यंत चढणार नाही, पहिल्या दरवाजापर्यंत नेलं तरी पुरे.

हिरवळीसाठी बरेच जण मोहरी टाकतात, उगवते चांगली पण उतारावरून घरंगळून सगळी तळाशी जमते. अळीव घ्या. अळीव थोडा वेळ पाण्यात भिजवले की त्यांच्याभोवती चिकट बुळबुळीत थर येतो आणि ते उभ्या उतारावरही मातीला चिकटून राहतात. मुलांना तो चिकटपणा बोटात घेऊन बघू द्या, मग बोटानेच किल्ल्यावर लावू द्या. वरून पाणी ओतायचं नाही, ओतलं की बी वाहून जातं, हाताने शिंपडायचं किंवा स्प्रे, दिवसातून दोनदा. दोन-तीन दिवसांत कोंब, पाच-सहा दिवसांत हिरवी लव. मावळे आणि महाराजांचं सिंहासन बाजारातून आणा, पण कुणाला कुठे बसवायचं ते मुलंच ठरवतील. एखादा मावळा तोफेवर झोपलेला असेल, असू द्या. बाबा लोकांना इथे फार मोह होतो, मूल झोपल्यावर किल्ला "नीट" करून ठेवायचा. सकाळी मूल येऊन बघतं तेव्हा तो किल्ला त्याचा राहिलेला नसतो, आणि मग ते त्याच्याशी खेळतही नाही. हे मी इतक्या घरांतून ऐकलंय की मुद्दाम लिहितेय.

बाकी दिवाळीची कामं पटापट सांगते. पणत्या रंगवायच्या असतील तर आधी काही तास पाण्यात बुडवून ठेवा म्हणजे तेल कमी पितात, पूर्ण वाळल्यावर फक्त बाहेरून रंगवा. रांगोळीसाठी धाकट्याला तांदळाचं पीठ द्या, दगडाच्या रांगोळीची धूळ नाकातोंडात जाते. आकाशकंदील साधा, जाड कागद घडी घालून चिरा पाडून केलेला, आत एलईडी बल्ब. चिकटवायला मैद्याची खळ घरी शिजवा, टिकावी म्हणून तिच्यात मोरचूद घालायची पद्धत आहे ती मुलं असताना अजिबात नको, विषारी असतं. फराळात शंकरपाळ्या कातण्याने कापणं, भाजलेल्या दाण्यांची सालं चोळून काढणं, चिवड्याचे पोहे निवडणं ही कामं मुलांची, कढईजवळ मात्र कुणीही नाही, तळण सुरू झालं की स्वयंपाकघराचं दार बंद. फटाक्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे, या वयात नकोच, आवाजाने लहान मुलं खरोखर घाबरतात आणि कानांनाही अपाय होतो. फुलबाजीचा हट्ट धरला तर मोठ्याने हात धरून एखादी, पायात चप्पल, शेजारी पाण्याची बादली. गोव्याला दिवाळीत जाणार असाल तर नरकासुराचे मोठे पुतळे लहानग्याला दिवसाउजेडी, लांबून दाखवा, रात्रीच्या गोंगाटात थेट समोर नेऊ नका, सकाळचे पाच प्रकारचे गोड-तिखट पोहे मात्र जरूर खाऊ घाला.

बाहेर जायचंच असेल तर कासचं विचारतात सगळे. कास पठार सुंदर आहे, २०१२ पासून जागतिक वारशात आहे, पण फुलांचा भर ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, शनिवार-रविवारी प्रचंड गर्दी, आणि फुलांना हात लावायचा नाही. पावणेतीनच्या मुलाला तिथे सारखं "नको, नको" ऐकावं लागतं. त्यापेक्षा सप्टेंबर-ऑक्टोबरात सिंहगडाच्या किंवा मुळशीच्या रस्त्याला कडेने पिवळी सोनकी फुललेली असते, सुरक्षित जागी गाडी थांबवा आणि तासभर बसा. त्याहून चांगलं म्हणजे ऑक्टोबरअखेरीस मावळात नाहीतर मुळशीत भातकापणी. शेतकऱ्याला विचारून बांधावर जा, पायात बूट घाला कारण कापलेले सड पायाला टोचतात आणि कापणीच्या शेतात साप असू शकतो. एक लोंबी हातात घ्यायची, साळी सोडवायच्या, दोन तळव्यांत चोळायच्या, फुंकर मारायची, तूस उडतं आणि आत तांदूळ. रोज वरणभात खाणारं मूल हातातल्या त्या दाण्याकडे बराच वेळ बघत राहतं. चार दाणे घरी आणा आणि संध्याकाळच्या भातात टाका.

राहिला शेवटचा प्रश्न, रोज किती वेळ. कामाच्या दिवशी सकाळी दहा-पंधरा मिनिटं, त्यात रोपांना पाणी, दोरा चिकटवणं, अळीला पानं. संध्याकाळी पाच मिनिटं चंद्र. सुट्टीच्या दिवशी एक मोठं काम, प्राजक्ताचा रंग किंवा किल्ल्याचा चिखल, आणि त्याला पूर्ण सकाळ मोकळी ठेवा, मध्ये दुसरं काही लावू नका. सगळं एकाच वर्षी करायचं नाही. यंदा घट, चंद्र आणि किल्ला एवढं घ्या, कढीपत्त्यावर अळी सापडली तर तीही. धाकट्याला मोठीच्या बरोबरीने यावं असा आग्रह नको, त्याच्यासाठी पाणी शिंपडणं आणि चिखल या दोन कामांत सगळं आलं. आणि माती आजच आणून ठेवा, नर्सरीत लाल माती पोत्याने मिळते, दिवाळीच्या तोंडावर किल्ल्यांमुळे ती लवकर संपते.